पत्र्याची ट्रंक इंदापूरला उतरावी

1999 साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात पत्र्याच्या 12 ट्रंका उघड्या मांडून ठेवल्या होत्या. बदलीच्या गावी सामान न्यायला किंवा मुलाला वसतिगृहावर धाडायला घरोघरी असते तीच ट्रंक. प्रत्येकीत एक टीव्ही होता आणि त्यावर घरदार सोडून निघालेल्या माणसांची दृश्यं चालू होती. भोवतालच्या भिंतींवर प्रोजेक्टरनं मोठी चित्रं पडत होती. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन बायका, एक भारतातली आणि एक पाकिस्तानातली, एकाच साडीची घडी घालू पाहत होत्या. मधल्या जागेत प्रेक्षक उभे. साडीची दोन टोकं काही जुळत नव्हती.

हे काम नलिनी मालानी यांचं, नाव ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’. आधार सआदत हसन मंटो यांच्या कथेचा. फाळणीनंतर दोन्ही देश वेड्यांच्या इस्पितळांतल्या रुग्णांचीही वाटणी करतात आणि बिशन सिंग सरहद्दीवरच्या, कुठल्याच देशाच्या नसलेल्या पट्टीत कोसळतो, ती कथा. मे 1998 मध्ये भारतानं पोखरणला आणि पाठोपाठ पाकिस्ताननं चागईला अणुचाचण्या केल्या, त्यानंतर मालानींनी ती हाती घेतली. आणि हे काम मुंबईत मांडलं ते संग्रहालयात. या गोष्टीला मोठा अर्थ आहे. कलादालनात चित्र विकत घेणारा येतो. संग्रहालयात शाळेची सहल येते, गावाकडून मुंबई बघायला आलेलं कुटुंब येतं, दुपारची उसंत मिळालेला कामगार येतो. अशा माणसासमोर व्हिडिओ, आवाज, कथा आणि ट्रंका एकत्र ठेवल्या, तर तो थांबतो आणि बघतो. या स्तंभात आज मांडायचं आहे ते एवढंच: हा बघणारा माणूस बारामतीत आणि इंदापुरातही आहे, आणि हे काम त्याच्यापर्यंत यायला हवं.

मालानींचा जन्म 1946 चा, कराचीचा. फाळणीत कुटुंब कोलकात्याला आलं, मग मुंबईला. 1964 ते 1969 त्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. त्याच सुमारास अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या पैशातून ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केलं होतं. चित्रकारांनी कॅमेरा हाती घ्यावा, सिनेमावाल्यांनी चित्रकारांत मिसळावं, यासाठीची ती जागा. विशी ओलांडलेल्या मालानींनी तिथे ‘ड्रीम हाउसेस’ केलं: पुठ्ठ्याची घरं, रंगीत प्रकाश, एकेक चौकट टिपत केलेली फिल्म. स्वातंत्र्यानंतरच्या नव्या वास्तुरचनेवरचा विश्वास तिच्यात होता. काही वर्षांनी त्यांनी तिच्या शेजारी दुसरी फिल्म ठेवली. त्यात एक तरुणी उंच इमारतीतून खालच्या झोपडपट्टीकडे बघत उभी आहे. दोन्ही एकाच वेळी, शेजारीशेजारी दाखवायच्या, नाव ‘युटोपिया’. स्वप्न आणि त्याचं पुढे काय झालं, हे एका नजरेत.

याच वर्कशॉपमध्ये पदमसींनी ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ नावाची फिल्म केली होती. तिची एकुलती एक प्रत हरवली. पुढे आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना सोबत घेऊन, त्यांच्या आठवणीतून ती पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न केला. तो चित्रपट 2016 मध्ये व्हेनिसला दाखवला गेला. भारतीय चित्रकारानं केलेल्या अगदी सुरुवातीच्या फिल्मांपैकी एक फिल्म, आणि ती जपून ठेवणारं कुणी नव्हतं. ही हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे. जे पाहणाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही, त्याचं नसणंही लवकर कुणाच्या लक्षात येत नाही.

1992 मध्ये मालानींनी मुंबईच्या केमोल्ड गॅलरीच्या भिंतींवरच चित्रं काढली. ‘सिटी ऑफ डिझायर्स’. प्रदर्शनाचे दिवस संपले आणि भिंतींना चुना लावला. विकायला काहीही उरलं नाही. नाथद्वाऱ्याची जुनी भित्तिचित्रं हलगर्जीपणानं नष्ट होत होती, त्याची वेदना या कामामागे होती. पुढच्याच वर्षी मॅक्सम्युलर भवनात अलकनंदा समर्थ यांच्यासोबत ‘मीडिया’ उभं राहिलं. ग्रीक पुराणातली ती सूडानं पेटलेली बाई, जर्मन नाटककार हायनर म्युलरची संहिता, आणि नटीभोवती चित्रं व व्हिडिओ. प्रदर्शन कुठे संपलं आणि नाटक कुठे सुरू झालं, हे सांगणं अवघड व्हावं असं ते काम.

पुढचा प्रवास जगाला माहीत आहे. 2012 मध्ये जर्मनीतल्या कॅसलच्या ‘डॉक्युमेंटा’त ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’, 2017 मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रात मोठं सिंहावलोकन, 2019 चा होआन मिरो पुरस्कार, 2023 चा क्योटो पुरस्कार.

कॅसलमधल्या त्या कामाशी जरा थांबायला हवं, कारण त्याची रचना आपल्याला अनोळखी नाही. पारदर्शक पत्र्यांची मोठी नळकांडी छतापासून टांगलेली, आतल्या बाजूनं रंगवलेली, हळूहळू फिरणारी. त्यांच्यातून व्हिडिओचा प्रकाश जातो आणि भिंतींवर सावल्या फिरू लागतात. सोबत आवाज आहेत. फैज यांच्या कवितेचं नाव, क्रिस्टा वोल्फची कॅसांड्रा, महाश्वेता देवींची द्रौपदी, सगळं एका खोलीत. काचेच्या मागल्या बाजूनं उलटं रंगवायची ही जुनी रीत मालानी ऐंशीच्या दशकात भूपेन खख्खर यांच्याकडून शिकल्या. ‘व्हिडिओ आणि छायानाट्य’ असं त्या या प्रकाराला म्हणतात.

छायानाट्य महाराष्ट्रानं कधी पाहिलं नाही, असं कोण म्हणेल? कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या बाहुल्या दिव्याच्या उजेडात नाचवतात, चित्रकथीची पोथी उघडतात आणि एकेक चित्र समोर धरून कथा गातात. चित्र, सावली, वाद्य, गाणं, निवेदन, सारं एकाच खेळात. या परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. आणि 1892 मध्ये कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, दिव्याचा प्रकाश, पडद्यावर हलती पात्रं, सोबत संवाद आणि गाणी. ल्युमिएर बंधूंची फिल्म मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली ती 7 जुलै 1896 रोजी. त्याच्या चार वर्षं आधी मराठी माणूस काच रंगवून उजेडात गोष्ट सांगत होता, आणि पटवर्धन मंडळी हे खेळ घेऊन गावोगाव फिरत होती. त्या काळी रस्ते धड नव्हते, वीज तर नव्हतीच.

आता बारामती-इंदापूरकडे येऊ. इथल्या माणसाला अशी कला ‘कळणार नाही’, हे वाक्य वारंवार ऐकू येतं. ते चूक आहे आणि थोडं अपमानकारकही आहे. आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीला येते. परीट समाज पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतो आणि मेंढपाळ पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण करतात. पुढे बेलवाडीला गोल रिंगण होतं, मग इंदापुरात पुन्हा रिंगण, आणि सराटीचा मुक्काम करून पालखी नीरा ओलांडून अकलूजला जाते. हजारो माणसं वर्तुळ धरून उभी, मधोमध अश्वांची धाव, टाळ-मृदंगाचा ठेका, पताका, तुळशीवृंदावनं डोक्यावर घेऊन पळणाऱ्या बाया. कुणीही तिकीट काढलेलं नसतं, कुणाला माहितीपत्रक दिलेलं नसतं, आणि कुठे उभं राहायचं, कधी पळायचं, कधी मातीला हात लावायचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. हा श्रद्धेचा सोहळा आहे, त्याला कुणी ‘परफॉर्मन्स’ म्हणून कलादालनात बसवू नये. पण ज्या माणसाचे डोळे आणि कान असे एकाच वेळी जागे राहायला लहानपणापासून शिकलेत, त्याला फिरत्या नळकांड्यांच्या सावल्या आणि चार बाजूंनी येणारे आवाज का झेपू नयेत?

बारामती तर मोरोपंतांची. पन्हाळ्याला 1729 मध्ये जन्मलेले मोरोपंत इथे बाबूजी नाइकांच्या आश्रयाला राहिले आणि 1794 मध्ये इथेच वारले. त्यांच्या आर्या घरात वाचायला होत्याच, पण त्या गावागावांत पोहोचल्या कीर्तनकारांच्या तोंडून. कीर्तनात गाणं आहे, अभिनय आहे, आख्यान आहे, श्रोत्यांशी सवाल-जवाब आहेत. जत्रेतला तमाशाचा फड तसाच: गण, गौळण, बतावणी, वग. आणि जत्रेतल्या तंबूतला सिनेमा. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी या फिरत्या तंबूंवर कित्येक वर्षं काम करून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला, तो 2016 मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. त्यातली यंत्रं, ट्रक, तंबू आणि माणसं सगळी महाराष्ट्राच्या जत्रांतली.

गणेशोत्सवातले हलते देखावेही विसरता येणार नाहीत. मंडप, अंधार, रेकॉर्ड केलेलं निवेदन, यंत्रावर फिरणाऱ्या मूर्ती, रंगीत दिवे, धूर. मंडळांची पोरं रात्ररात्र जागून हे उभं करतात. डेकोरेटर, साउंडवाला, लाइटवाला, एलईडी वॉल भाड्यानं देणारा, वायरमन अशी सगळी माणसं तालुक्याच्या गावात सापडतात. कुठल्याही मोठ्या संग्रहालयात व्हिडिओ मांडणी उभी करायला याच कामांची माणसं लागतात. कमी आहे ती निवड करणाऱ्याची आणि बोलावणाऱ्याची.

एक अडचण खरी आहे आणि ती झाकू नये. व्हिडिओ कलाकृती म्हणजे कुणीही उतरवून घ्यावी अशी फाइल नव्हे. अशा कामांच्या मोजक्याच प्रती काढल्या जातात, त्या संग्रहालयांकडे आणि संग्राहकांकडे असतात, दाखवायची तर कलाकाराची लेखी परवानगी लागते. मांडणी कशी असावी, खोली किती काळोखी, आवाज किती, याच्या अटी असतात. त्या पाळाव्याच लागतात आणि पाळाव्यातही. पण परवानगी मागणाऱ्यालाच मिळते.

शिवाय मालानींपासूनच सुरुवात करायची गरज नाही. अमोल पाटील मुंबईतच वाढलेले. आजोबा पोवाडे गाणारे, वडील महापालिकेत नोकरी करत नाटकं लिहिणारे. त्या घरातून आलेला हा कलाकार शिल्प, चित्र, व्हिडिओ आणि सादरीकरण एकत्र आणतो आणि सफाई कामगारांचं, चाळीचं जगणं मांडतो. 2022 मध्ये ते ‘डॉक्युमेंटा’त होते, 2023 मध्ये लंडनच्या हेवर्ड गॅलरीत. प्रभाकर पाचपुते चंद्रपूरजवळच्या सास्ती गावचे. घरच्या पिढ्या कोळसा खाणीत राबल्या. पाचपुते कोळशानंच भिंतीवर प्रचंड चित्रं काढतात, त्याच रेषा हलवून ॲनिमेशन करतात; 2021 चा आर्टेस मुंडी पुरस्कार सहा कलाकारांना विभागून मिळाला, त्यांत ते होते. ही दोघंही मराठी घरांतली माणसं. इंदापूरच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या, घरी ऊस किंवा डाळिंब असलेल्या मुलीला पाचपुतेंच्या कामात माती, श्रम आणि कर्जाचं ओझं ओळखायला कुणाच्या मदतीची गरज पडणार नाही.

आणि विषय तर तालुक्याच्या उंबऱ्यावर आहेत. उजनी धरणानं भीमाकाठची गावं पाण्याखाली घेतली. इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचं जुनं मंदिर पाणी ओसरलं की वर येतं, लोक होड्यांतून बघायला जातात, मोबाइलवर फोटो काढतात. त्याच पाण्यावर भिगवणला रोहित पक्षी येतात आणि त्याच पाण्यावर खालच्या जिल्ह्याचा ऊस उभा राहिला. ज्यांची घरं गेली, त्यांतल्या वडीलधाऱ्यांना अजून गावच्या गल्ल्या तोंडपाठ आहेत. या आठवणींचे आवाज, जुने फोटो, पाण्याची दृश्यं घेऊन एखाद्या स्थानिक तरुणानं काम उभं केलं तर? बुडालेल्या गावांवर नदीच्या काठीच झालेली व्हिडिओ मांडणी ही महाराष्ट्राच्या कलेतली महत्त्वाची घटना ठरेल. पण ती करण्याआधी त्या तरुणानं अशी चार कामं डोळ्यांनी पाहिलेली हवीत. पुस्तकातल्या फोटोत फिरती सावली दिसत नाही.

सध्या बारामतीच्या विद्यार्थ्याला असं काही बघायचं तर पुणे-मुंबई गाठावी लागते, आणि तिथेही योग जुळावा लागतो. पुणं शंभरेक किलोमीटरवर, इंदापूरहून आणखी दूर. प्रवासखर्च, एक दिवसाची मजुरी किंवा तास बुडणं, मुलींच्या बाबतीत घरची परवानगी. तेव्हा कलाकृतीनंच उलटा प्रवास करायला हवा.

बारामतीत गदिमा सभागृह आहे. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय 1962 पासून उभं आहे, विद्या प्रतिष्ठानचा मोठा परिसर आहे. इंदापुरातही महाविद्यालय आहे आणि मोकळं मैदान आहे. पहिल्या वर्षी एवढं करावं: पालखी पुढे गेल्यावर, श्रावणात, तीन दिवस एक मोठी खोली काळ्या कापडानं बंद करावी. एक व्हिडिओ मांडणी रीतसर परवानगीनं आणावी. पिंगुळीच्या कलावंतांना मानधन देऊन बोलवावं आणि त्यांचा खेळ त्याच खोलीबाहेर व्हावा. एका संध्याकाळी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ मैदानात, तंबूत दाखवावा. प्रवेश मोफत, आणि शाळांना दुपारची वेळ राखून ठेवावी. कलाकार येऊ शकले तर त्यांच्याशी मराठीत गप्पा व्हाव्यात.

हे वाचणाऱ्यांत प्राध्यापक आहेत, मंडळांचे कार्यकर्ते आहेत, दोन्ही नगरपरिषदांचे सदस्य आहेत. त्यांतल्या कुणीतरी या महिन्यात एक पत्र लिहावं, कलाकाराला किंवा त्यांच्या गॅलरीला: आमच्याकडे खोली आहे, बघणारे लोक आहेत, तुमच्या अटी कळवा.