सारांश, पण कोणाच्या शब्दांत?

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक सूचना वर्षानुवर्षे छापली जात आहे: ‘तुमच्या शब्दांत लिहा.’ आपण सर्वांनी ती शाळेत वाचली आणि तिचा व्यवहारातला अर्थही शाळेतच शिकलो. गाईडातील शब्द पाठ करावेत, ते लिहावेत, फक्त पाठ केल्याचे दिसू देऊ नये. आम्हांला आज भांडायचे आहे ते या सूचनेवरून, आणि तिच्या नावाने गेली पंधरा वर्षे चाललेल्या ‘आकारिक मूल्यमापन’ नावाच्या कागदी खटाटोपावरून. मूळ कल्पना उत्तम होती, आजही आहे. म्हणूनच तिचे जे झाले त्याचा राग येतो.

शिक्षणक्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. मुलांचे मूल्यमापन सातत्यपूर्ण व सर्वंकष असावे, असे त्याच्या २९ व्या कलमात म्हटले आहे. त्याला अनुसरून महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० रोजी निर्णय काढला आणि पहिली ते आठवीच्या मूल्यमापनाचे दोन भाग केले. सत्राच्या शेवटी गोळाबेरीज करणारे ते संकलित. शिकणे चालू असतानाच त्याला आकार देणारे ते आकारिक. निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी आकारिकाची साधने ठरली. पहिली-दुसरीला शंभरापैकी ७० गुण आकारिकाला, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५० आणि सातवी-आठवीला ४० अशी वाटणी झाली. शिवाय प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने ‘वर्णनात्मक नोंद’ लिहायची होती.

ही कल्पना काही आपल्याकडे जन्मलेली नाही. मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ साली हा भेद मांडला, बेंजामिन ब्लूम यांनी तो वर्गात आणला आणि पॉल ब्लॅक व डिलन विल्यम यांनी १९९८ साली त्यावरील संशोधनाचा मोठा आढावा घेतला. या साऱ्याचे सार एवढेच, की मुलाच्या उत्तरातून शिक्षकाला जे कळले त्याने उद्याचे शिकवणे बदलले, तर आणि तरच ते मूल्यमापन आकारिक. बदलले नाही तर ती निव्वळ आणखी एक परीक्षा, आकाराने लहान.

आता सोलापूरकडे वळू. शहराच्या पूर्व भागातील एका मराठी शाळेच्या सातवीच्या वर्गात आम्हांला एक दिवस बसायला मिळाले. या भागात यंत्रमागांचा आवाज आणि तेलुगू भाषा दोन्ही सारखीच कानावर पडतात. वर्गातील बऱ्याच मुलींच्या आया घरी विड्या वळतात. त्या दिवशी बाईंनी स्वतः लिहून आणलेला एक उतारा वाचायला दिला होता. विषय सोलापूरचाच. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले, गोळीबार झाला, सरकारने लष्करी कायदा पुकारला. आणि पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. सरकारला शहराला धडा शिकवायचा होता, असे एक वाक्य उताऱ्याच्या शेवटी होते.

वाचून झाल्यावर बाईंनी विचारले, “या उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना काय?” बहुतेक हात वर झाले आणि उत्तर एकच आले: देशप्रेम. उतारा न वाचतासुद्धा देता येईल असे ते उत्तर होते. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र शेजारणीशी तेलुगूत काही तरी बोलत होती. बाईंनी तिला उभे केले. ती अडखळत म्हणाली, “बाई, ज्यानं केलं त्याला नाही, जो सापडला त्याला शिक्षा झाली.” वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. “कोणत्या वाक्यावरून म्हणतेस, दाखव बघू,” असे त्यांनी विचारले. मुलीने शेवटच्या वाक्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, “धडा शिकवायचा तर कोणी पण चालतं.”

त्या वर्गात त्या तासाला वाचन जर कोणी केले असेल, तर ते या मुलीने. तिचे उत्तर अंतिम आहे असे आम्ही म्हणत नाही. ते चौघे कोण होते, रस्त्यावर का होते, हे तिच्या वाक्यात नाही. पण तिला उताऱ्यातील एक सूत्र सापडले होते आणि ते उताऱ्याच्या आधाराने सांगताही येत होते. ‘देशप्रेम’ हा त्या उताऱ्याचा विषय. तिने सांगितला तो आशय. विषय एका शब्दात मावतो. आशय सांगायला पूर्ण वाक्य लागते, आणि ते वाक्य वाचणाऱ्याला स्वतःच बांधावे लागते.

तास संपल्यावर बाईंनी आम्हांला जे सांगितले, त्यामुळेच हा लेख लिहावा लागला. त्या म्हणाल्या, “हिच्याबद्दल काय लिहू? नोंदींच्या पुस्तकात असं वाक्यच नाही.”

नोंदींचे पुस्तक म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या शिक्षकांना सांगायला नको. वर्गात चाळीस-पन्नास मुले, प्रत्येकाच्या प्रत्येक विषयाच्या नोंदी, त्याही तपासणीसाठी तयार हव्यात. तेव्हा बाजारात तयार नोंदींची पुस्तके आली आणि पुढे त्यांच्या फायली मोबाइलवरून फिरू लागल्या. त्यांतून वाक्ये उचलायची आणि रकान्यात उतरवायची. ‘गोष्टीचा सारांश स्वतःच्या शब्दांत सांगते’ हे वाक्य शिक्षक दुसऱ्याच्या शब्दांत लिहितात! मुलांनी गाईड उतरवले तर ती कॉपी, शिक्षकांनी नोंद उतरवली तर ते मूल्यमापन. दोष एकट्या शिक्षकाचा नाही. ज्या व्यवस्थेत अधिकारी येऊन रकाना भरला आहे की नाही हे पाहतो, पण त्या नोंदीमुळे दुसऱ्या दिवशी वर्गात काय बदलले हे कधीच विचारत नाही, तिला तयार नोंदीच मिळणार.

श्रेणीची गोष्टही अशीच. रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला इस्रायलमधील शाळकरी मुलांवरचा प्रयोग या क्षेत्रात सुपरिचित आहे. काही मुलांना केवळ गुण दिले, काहींना केवळ अभिप्राय, काहींना दोन्ही. सुधारणा दिसली ती केवळ अभिप्राय मिळालेल्या मुलांत. दोन्ही मिळालेली मुले केवळ गुणवाल्यांच्याच रांगेत राहिली, कारण गुण दिसले की अभिप्राय वाचला जात नाही. आणि आम्ही काय केले? अभिप्रायच गुणांत मोजायला घेतला, शंभरापैकी चाळीस ते सत्तर.

सारांशाचे हाल तर याहून वाईट. तो शिकवायचा असतो, हेच आपल्याला मान्य नाही. दहावीच्या कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत, २०१९ च्या परीक्षेपासून, सारांशलेखन आले खरे; अपठित उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश स्वतःच्या शब्दांत लिहायचा. पण तो पत्रलेखनाला पर्याय म्हणून. पत्राचा मायना पाठ करता येतो, अपठित उताऱ्याचा सारांश पाठ करता येत नाही. तेव्हा आमच्या पाहण्यातली बहुतेक मुले पत्राची वाट धरतात यात नवल ते काय? जी सारांशाकडे वळतात ती उताऱ्यातील दर तिसरे वाक्य उचलतात. ॲन ब्राउन आणि जीन डे यांनी १९८३ साली नेमके हेच दाखवले होते: नवशिका वाचक वाक्ये गाळतो आणि उरलेली उतरवतो. तपशिलांना एका व्यापक शब्दाखाली आणणे आणि मजकुरात नसलेले मुख्य वाक्य स्वतः रचणे या गोष्टी उशिरा येतात आणि शिकवाव्या लागतात.

हे कसे शिकवायचे? त्याला ना प्रकल्प लागतो, ना रकाना. उतारा वाचून झाला की पुस्तक मिटायला सांगावे आणि शेजाऱ्याला दोन मिनिटांत काय वाचले ते सांगायला लावावे. शिक्षकाने फिरत फिरत ऐकावे. मग विचारावे, कोणते वाक्य काढले तर काहीच बिघडत नाही? कोणते काढले तर सगळेच कोसळते? गोष्ट असेल तर कोणाला काय हवे होते, आड काय आले, त्याने काय केले आणि शेवटी काय झाले, एवढ्यावर सांगावी. आशयाकडे वळल्यावर एका शब्दाचे उत्तर स्वीकारू नये. ‘देशप्रेमाचे काय?’ असा पुढचा प्रश्न टाकावा आणि प्रत्येक उत्तराला ‘कोणत्या वाक्यावरून?’ असे विचारावे. तास संपताना प्रत्येकाने चिठ्ठीवर एक वाक्य लिहून द्यावे. संध्याकाळी त्या चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करावेत: उताऱ्यातले वाक्य उतरवणारे, नुसती घटना सांगणारे आणि आधारासह आशय सांगणारे. कोणता गठ्ठा जाड आहे त्यावरून उद्याचा तास ठरवावा. मूल्यमापन झाले, आकारिकही झाले. गठ्ठे टाकून दिले तरी चालेल.

पण या सगळ्याआधी एक प्रश्न उरतो आणि सोलापुरात तो टाळता येत नाही. ‘स्वतःचे शब्द’ म्हणजे कोणते? या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू शेजारी शेजारी नांदतात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत तर कित्येक घरांत कन्नडच बोलली जाते. त्या मुलीने सारांश आधी तेलुगूत केला आणि मग त्याचे मराठी केले. तिचे मराठी वाक्य अडखळले, समज अडखळली नव्हती. मराठी वाक्याला श्रेणी देणाऱ्याने भाषा मोजली, वाचन मोजलेच नाही. आमचे म्हणणे स्पष्ट आहे: सारांश आधी मुलाच्या घरच्या भाषेत होऊ द्यावा, शेजाऱ्याशी होऊ द्यावा, मोडका होऊ द्यावा, मग सर्वांनी मिळून तो मराठीत आणावा. याने मराठीचे नुकसान होईल, असे म्हणणारे भेटतील. त्यांना आमचा उलट प्रश्न आहे: पाठ केलेल्या ‘देशप्रेम’ या एका शब्दाने मराठीचा कोणता फायदा झाला? सांगण्यासारखे काही हाती असलेले मूलच ते सांगण्यासाठी मराठी शोधू लागते.

दुसरा आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम संपत नाही, वर्ग मोठे आहेत, वर अशैक्षणिक कामे. हे सारे खरे आहे. पण नोंदी उतरवण्यात वर्षाकाठी जे तास जातात, ते कोणाच्या हिशेबात धरायचे? ते तास परत द्या, एवढीच आमची मागणी आहे.

तिसरा आक्षेप अधिक जोरकस. या साऱ्या प्रयोगांनी मुले कच्ची राहिली, तेव्हा परीक्षाच बरी. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२३ साली महाराष्ट्राने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. परीक्षेला आमचा विरोध नाही. पण जे धड केलेच नाही ते फसले म्हणून सोडून देणे हा तर्क आम्हांला मान्य नाही. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि मुलाच्या रोजच्या कामाकडे पाहणे हेच शिकवण्याचे मुख्य साधन मानले. शासननिर्णयाच्या पंचवीस वर्षे आधीची ही गोष्ट. तेव्हा हे मराठीत जमत नाही असे कोणी म्हणू नये.

सोलापूर जिल्ह्याने तर शासनाला एक गोष्ट आधीच शिकवली आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांवर क्यूआर कोड चिकटवले आणि पुढे ती कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. एका वर्गातली गोष्ट सगळ्या राज्यात जाऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले. मात्र कोडमधून मजकूर मुलापर्यंत जातो. मुलाने त्याचे काय केले, ते शिक्षकाला ऐकावेच लागते. २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांत ‘माझी नोंद’ म्हणून कोरी पाने जोडली गेली आणि २०२५-२६ पासून ती काढूनही टाकली. पाने आली-गेली. त्यांवर मुलांनी काय लिहिले आणि ते कोणी वाचले, याची चर्चा आमच्या तरी कानावर आली नाही.

आता तर कोणत्याही उताऱ्याचा सारांश यंत्र क्षणात करून देते, आणि ‘देशप्रेम’ हे उत्तर तर ते झोपेतही देईल. म्हणून सारांश शिकवण्याची गरज संपली असे ज्यांना वाटते, त्यांनी सारांश म्हणजे लहान केलेला मजकूर असे मानले आहे. मजकुरातले काय महत्त्वाचे हे ठरवणे म्हणजे सारांश, आणि हे ठरवणे दुसऱ्यावर सोपवले की आपण वाचक उरत नाही. ज्या मुलीच्या आईला कारखान्यात विड्या निवडताना कोणत्या बाद झाल्या हे दुसरेच कोणी तरी सांगते, तिने निदान वाचलेल्या उताऱ्यातले काय ठेवायचे हे स्वतः ठरवावे, असे आम्हांला वाटते.

बाईंनी शेवटी त्या मुलीच्या नोंदीत काय लिहिले? आम्ही सुचवले, की तिचेच वाक्य, तारखेसह, जसेच्या तसे लिहा. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “तपासणीला चालेल का?”

हा प्रश्न आम्ही शिक्षण खात्याकडे पाठवत आहोत. उत्तर त्यांनी स्वतःच्या शब्दांत द्यावे.