दारूच्या दुखण्याला पुडी नको, माणूस हवा



हुमणीने ऊस वाळायला लागला की आपण बेट उपटून मुळी बघतो, गट ऑफिसला वर्दी देतो, शेतकी अधिकाऱ्याला बांधावर आणतो. पण घरातला कर्ता माणूस दारूने वाळायला लागला की दार लावून घेतो. शेजाऱ्याला कळू नये, सोयऱ्याला कळू नये, पोरीचं लग्न जमायचं आहे! मीही हेच केले. या अंकात खत, बेणे, पाणी आणि उतारा यांवरच लेख येतात. तरी संपादकांनी जागा दिली म्हणून घरची गोष्ट सांगतो. नाव घालत नाही, कारण ते माझ्या एकट्याचे नाही, भावाचेही आहे.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. रात्रीच्या पाळीला पाणी पाजायला जायचा, थंडीत घोटभर घ्यायचा. त्यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. त्याचा अडीच एकर आडसाली ऊस आठ दिवस पाण्याखाली होता. पोंग्यात गाळ बसला, शेंडे कुजले, गोठ्यातली दुभती म्हैस गेली. सोसायटीचे कर्ज तसेच. तेव्हापासून तो बोलेनासा झाला. आधी संध्याकाळी घेणारा माणूस दुपारी घेऊ लागला आणि वर्षभरात सकाळी चहाआधी.

आम्ही उपाय केले नाहीत असे नाही. आईने शपथ घातली. चुलत्यांनी पंढरीला नेऊन माळ घातली. माळ घालून सुटलेली माणसे मी पाहिली आहेत, त्याची चेष्टा करणार नाही. आमच्याकडे ती चार महिने टिकली. मग कुणी तरी सांगितले, एक पुडी मिळते, जेवणात कालवायची, पिणाऱ्याला कळतही नाही. भावजयीने ती आमटीत घातली. त्या रात्री तो पिऊन आला, जेवला आणि अर्ध्या तासात तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, अंगाला दरदरून घाम. आम्हाला वाटले, गेलाच. पुढे डॉक्टरांनी सांगितले की दारूशी वैर धरणारे एक औषध आहे, ते रुग्णाला सांगून, तपासण्या करून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. चोरून दिले आणि वरून दारू गेली तर रक्तदाब घसरून जीव जाऊ शकतो. अशा पुड्यांत काय असते हे विकणाराही सांगत नाही. भिंतीवर रंगवलेल्या आणि फोनवर येणाऱ्या या जाहिरातींना भुलू नका, एवढे तरी ऐका.

दुसरी चूक मी केली. भावाला खोलीत कोंडले, म्हटले, आजपासून थेंब नाही. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर साप दिसू लागले, मेलेले वडील दारात उभे दिसू लागले. गावात बोलवा झाली की बाहेरची बाधा आहे, आणि देवऋषी गाठायची तयारी झाली. ती बाधा नव्हती. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दोन-चार दिवसांत असा झटका येऊ शकतो. फिट येते, ताप चढतो, भान जाते, आणि वेळेवर दवाखाना मिळाला नाही तर माणूस दगावतो. अशा माणसाची दारू डॉक्टरच्या देखरेखीखालीच तोडावी लागते. आमच्या वाडीतल्या एका शिक्षकांनी गाडी काढली आणि जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात पोचवले, म्हणून आज भाऊ आहे.

तिथे मानसोपचार विभागातल्या बाईंनी त्याला पहिला प्रश्न विचारला तो दारूचा नव्हता. "दादा, झोप कधीपासून नाही?" भाऊ म्हणाला, "पुरापासनं न्हाई वो बाई. डोळं मिटलं की म्हशीचा हंबरडा ऐकू येतो." दोन वर्षे आम्ही सगळे त्याला 'का पितोस?' म्हणून ओरडत होतो. झोप लागते का, हे मी सख्खा भाऊ असून विचारले नव्हते. दारूमुळे मन खचते हे खरे, पण खचलेले मनही दारू धरते. एकावरच औषध केले तर दुसरे पुन्हा उभे राहते.

आता कुणाकडे जायचे हा प्रश्न. मला तर नावांतला फरकही ठाऊक नव्हता. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर. औषध तोच लिहून देतो, आणि दारू तोडतानाचे पहिले दिवस त्याच्याच हाती द्यावेत. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक औषध देत नाहीत, ते बोलून, ऐकून, सवयी आणि विचार यांवर काम करतात. हे काम महिनोन्महिने चालते. आमच्या भावाला दोन्ही लागले. पहिला समुपदेशक त्याला मानवला नाही; उपदेशच फार करी. दुसऱ्या बाईंजवळ तो मोकळा झाला. एक जमला नाही म्हणजे उपचारच फसला असे समजू नये. पहिल्या भेटीत शिक्षण काय, नोंदणी आहे का, फी किती, घरच्यांना कधी बोलावणार, आणि पुन्हा प्याला तर काय करणार, हे विचारावे. विचारायला लाजू नका, बेणे घेताना आपण याहून जास्त चौकशी करतो! शेवटच्या प्रश्नावर जो रागावतो किंवा 'शंभर टक्के हमी' देतो, तिथून उठावे.

व्यसनमुक्ती केंद्रांचेही तसेच. एका खाजगी ठिकाणी आम्ही भावाला ठेवले होते. महिन्याचे पैसे आगाऊ घेतले, भेटू दिले नाही, आणि तो पाठीवर वळ घेऊन परत आला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला सक्त मनाई केली आहे आणि त्याची माहिती गुप्त ठेवायचा हक्क त्याला दिला आहे. चांगली उदाहरणेही महाराष्ट्रातच आहेत. पुण्याला येरवड्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये 'मुक्तांगण' सुरू केले, तेही मनोरुग्णालयाच्या आवारात. येरवडा म्हटले की आपल्याकडे लोक हसतात, पण तिथून हजारो घरे पुन्हा उभी राहिली. शिवाय १९३५ साली अमेरिकेत एक डॉक्टर आणि एक शेअर दलाल या दोन पिणाऱ्यांनी एकमेकांच्या आधाराने सुरू केलेली अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची मंडळी आपल्या राज्यातही बैठका घेतात. तिथे फी नाही, आडनाव विचारत नाहीत. घरच्यांसाठी वेगळ्या बैठका असतात. भावजयीला त्याचा फार आधार झाला. तिचे दुःख तोवर कुणाच्या हिशेबातच नव्हते. आणि रात्री-अपरात्री जिवाचे बरेवाईट करावेसे वाटले तर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेला टेली मानसचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येते.

पण हे सारे गाठायचे कसे? २०१९ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याने दिल्लीच्या एम्सकडून देशाची पाहणी करून घेतली. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच काही उपचार मिळाल्याचे त्यात दिसले. तज्ज्ञ शहरात, आपण मळ्यात. भावाला दर पंधरवड्याला न्यायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली, एस.टी.चे दोन माणसांचे तिकीट, आणि तोडणीच्या दिवसांत तर घर सोडताच येत नाही.

म्हणून माझी सूचना आहे. कारखान्याच्या दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस शिकलेला समुपदेशक बसवावा आणि महिन्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञ यावा. हे स्वप्नरंजन नव्हे. गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांवर एक प्रयोग झाला, त्याचा अहवाल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये आला. बोलणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली स्थानिक माणसे होती. बैठका फार तर चार. तीन महिन्यांनी त्यांच्याकडे गेलेल्या शंभरांतले ३६ जण धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांतले २६. सर्वात वाईट अवस्थेतल्या माणसाला एवढ्याने भागत नाही, त्याला दवाखानाच हवा. पण माझा भाऊ २०१९ च्या दिवाळीत अशा चार बैठकांना गेला असता तर साप दिसायची वेळ आली असती का, असे मला राहून राहून वाटते.

पैसा कुठून आणायचा, असे संचालक मंडळ विचारील. एक टन उसामागे साधारण चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघते, तिच्यातून दहा लिटरच्या आसपास अल्कोहोल. आपल्या डिस्टिलरीतला बराच माल आता पेट्रोलमध्ये मिसळायला जातो, हे चांगलेच आहे. पण देशी दारूच्या बाटलीत जातो तोही मळीचाच. उसाच्या बिलात तो पैसा आपण सगळे घेतो, मीही घेतो. डिस्टिलरी बंद करा असे मी म्हणत नाही. तिच्या नफ्यातला थोडा वाटा या खोलीसाठी बाजूला काढा, एवढेच मागणे आहे.

अडचण एक दिसते. दवाखान्यात अमका समुपदेशकाकडे गेला हे चिटबॉयपासून चेअरमनपर्यंत तासाभरात कळेल. तेव्हा खोलीला वेगळी पाटी नको, रजिस्टर ऑफिसात जाता कामा नये, आणि नोकरीवरच्या कामगारालाही तीच मुभा हवी. ऊसतोडीच्या टोळ्यांनाही, त्यांचे हाल आपल्याहून वाईट.

या ठरावाचा मसुदा गट ऑफिसात ठेवला आहे. वार्षिक सभेच्या नोटिशीतील मुदतीआधी सह्या व्हायला हव्यात. भावजयीने पहिली सही केली आहे. भाऊ गेले चौदा महिने प्यालेला नाही. मध्ये दोनदा घसरला होता, हेही सांगितले पाहिजे. खोडव्याला पाणी देऊन झाले की सही करायला येतो म्हणाला आहे.

— एक ऊस उत्पादक सभासद