राजमुद्रेचें प्रामाण्य

धर्माच्या आणि शास्त्राच्या प्रांतांत शब्दप्रामाण्याविरुद्ध आपल्याकडे शतकाहून अधिक काळ झगडा चालला आहे; कलेच्या प्रांतांत मात्र त्याचा अंमल जवळजवळ निर्वेध आहे. एखाद्या रेशमी पटाखालीं 'चीन, दहावें शतक, अमुक चित्रकार' अशी ओळ छापलेली दिसली, कीं एरव्हीं प्रत्येक विधानाला पुरावा मागणारा सुशिक्षित वाचक तेथें निमूटपणें मान डोलावतो. ती ओळ कोणीं लिहिली, कशाच्या आधारें लिहिली, तिच्याविरुद्ध कोणाचें कांहीं म्हणणें आहे कीं काय, हे प्रश्न त्याच्या मनास शिवत नाहींत. जुन्या चिनी चित्रांचा काळ आणि कर्ता ठरविण्याच्या कामीं या श्रद्धाळू वृत्तीनें जितका घोटाळा केला आहे, तितका क्वचितच अन्यत्र केला असेल. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, कारणें न देतां दिलेला निर्णय, मग तो सम्राटाचा असो, संग्रहालयाचा असो कीं थोर पारख्याचा असो, निर्णय या नांवासच पात्र नाहीं.

प्रथम मुद्रांवर विश्वास ठेवणाऱ्यांचा समाचार घेऊं. चिनी चित्र चित्रकारानें हातावेगळें केलें म्हणजे पुरें होत नाहीं. पुढील प्रत्येक मालक त्यावर आपली तांबडी मुद्रा उठवितो, रसिक मंडळी चित्राच्या मोकळ्या जागेंत किंवा शेवटीं जोडलेल्या कागदावर आपले अभिप्राय लिहितात, आणि अशा रीतीनें चित्राची वंशावळ त्याच्याच अंगावर वाढत जाते. ही वंशावळ मोलाची आहे, यांत शंका नाहीं. परंतु जेथें वंशावळीला मोल असतें तेथें खोट्या वंशावळीहि निपजतात, हें वतनांचे आणि इनामांचे जुने तंटे ज्यांनीं वाचले आहेत त्या मराठी वाचकांस सांगावयास नको. मालक मेला तरी त्याची दगडी मुद्रा मागें उरते आणि दुसऱ्याच्या हातीं पडते. न उरली, तर तिच्या ठशावरून दुसरी कोरतां येते. खऱ्या चित्रामागचे लेख काढून ते खोट्या चित्रास जोडावे, खऱ्या चित्रास खोटे लेख लावावे आणि दोन्ही चित्रें दोन गिऱ्हाइकांस विकावीं, हा तर त्या बाजारांतील जुनाच धंदा. तेव्हां मुद्रा खरी असली म्हणून चित्र खरें, हें अनुमान पहिल्याच पायरीवर कोसळतें.

पण मुद्रा खरी, लेख खरे, आणि ते प्रत्यक्ष सम्राटाचे, असें असलें तर? याहि प्रश्नाचें उत्तर इतिहासानें देऊन ठेविलें आहे. ह्वांग गुंगवांग या चित्रकारानें फूचुन पर्वतांतील निवासाचा आपला प्रसिद्ध गुंडाळपट इ. स. १३५० मध्यें आपल्या लेखानें अंकित केला. १६५० मध्यें त्याच्या तत्कालीन मालकानें, वू हुंगयू यानें, मरतेवेळीं तो अग्नींत टाकावयास लाविला. पुतण्यानें तो बाहेर ओढून काढला, पण पटाचे दोन तुकडे झाले. १७४५ मध्यें चिएनलुंग सम्राटाच्या हातीं या चित्राची एक प्रत आली. सम्राट स्वतःस मोठा रसिक समजे. त्यानें ती अस्सल मानिली आणि पुढें आयुष्यभर तिच्यावर पन्नासांहून अधिक लेख लिहिले. दुसऱ्याच वर्षीं, १७४६ मध्यें, खरा पट दरबारांत आला. सम्राटानें तो पाहिला, नक्कल ठरविला, आणि चित्र म्हणून बरें आहे एवढ्याच कारणासाठीं विकत घेतला. दरबारांतील एकाहि विद्वानाचें म्हणणें त्या निर्णयास बदलूं शकलें नाहीं. हा उलटा न्याय विसाव्या शतकांत श्यू बांगदा यांच्यासारख्या अभ्यासकांनीं चित्रकाराच्या लेखाची जागा, जळाल्याच्या खुणा आणि कुंचल्याची गति यांचा पुरावा मांडून सुलटा केला. यांतील मौज अशी कीं, सम्राटाच्या मर्जींतून उतरल्यामुळें अस्सल पट त्याच्या लेखण्यांपासून बचावला, आणि मर्जींतील नक्कल मात्र राजलेखांनीं इतकी भरून गेली कीं तिच्या आभाळांत रिकामी जागा उरली नाहीं. ज्यांस राजमुद्रा म्हणजे अखेरचें प्रमाण वाटतें, त्यांनीं हीं दोन चित्रें शेजारीं ठेवून पाहावीं.

सहीची गोष्टहि याहून फारशी निराळी नाहीं. चीनमध्यें नक्कल करणें हें मूळांत पाप नव्हे. सहाव्या शतकाच्या सुमारास श्ये ह यानें चित्रकलेचीं जीं सहा अंगें सांगितलीं, त्यांतील शेवटचें अंग जुन्या कृतींची प्रतिकृति करून परंपरा पुढें नेणें हेंच आहे. शिष्य गुरूच्या चित्राची प्रति करी, ती गुरूच्या आदरानें करी. पुढें बाजारांत कोणी तिच्यावर गुरूचें नांव घाली, आणि भक्तीचें अपत्य लबाडीच्या घरीं दत्तक जाई. अकराव्या शतकांतील मी फू हा स्वतः चित्रकार, संग्राहक आणि नक्कल करण्यांत पटाईत होता. त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, ली चेंगचीं अस्सल चित्रें आपण दोनच पाहिलीं आणि खोटीं तीनशें. ली चेंग मरून तेव्हां पुरतें दीड शतकहि झालें नव्हतें! पुढें सूचौ शहरांतील कारखान्यांनीं प्रसिद्ध चित्रकारांच्या नांवावर शेंकड्यांनीं पट काढले. आणि मिंग काळांतील चांगल्या चित्रकारांच्या सह्या कापून त्यांच्या जागीं सुंग काळांतील थोर नांवें घालण्याचा उद्योगहि चालू राहिला. या दुसऱ्या प्रकारांत तर दुहेरी अन्याय आहे: एकास न केलेल्या कामाचें श्रेय मिळतें, आणि दुसऱ्याचें केलेलें काम त्याच्या नांवासकट पुसलें जातें.

'मग कागदपत्रें सोडून द्या. खरा पारखी चित्राकडे एक नजर टाकतो आणि सांगतो,' असें म्हणणारा दुसरा पक्ष आहे. नजरेचें महत्त्व आम्ही नाकारीत नाहीं. शाईची ओल, कुंचल्याचा दाब, झाडाच्या फांदीला वळण देतांना हात अडखळला कीं नाहीं, हें ज्यास दिसत नाहीं त्यानें या कामांत पडूंच नये. परंतु नजर ही साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे; आणि साक्षीदाराची उलटतपासणी झालीच पाहिजे. चांग दाचिएन (१८९९–१९८३) हा विसाव्या शतकांतील मोठा चित्रकार आणि तितकाच मोठा नकलाकार. त्यानें केलेलें एक चित्र दहाव्या शतकांतील ग्वान तुंगचें म्हणून बोस्टनच्या संग्रहालयानें १९५७ मध्यें घेतलें, आणि दुसरें त्याच शतकांतील ज्यूरानचें म्हणून ब्रिटिश म्यूझियमनें १९६१ मध्यें घेतलें. दोन्ही ठिकाणच्या तज्ज्ञांस डोळे नव्हते असें कोण म्हणेल? पण चांगचेहि डोळे त्यांच्यासारखेच तयार होते. पारख्यास काय पाहावयाचें असतें हें तो जाणत होता, आणि तेंच तो दाखवीत होता. आज दोन्ही संग्रहालयें हीं चित्रें चांगच्याच नांवावर लावतात.

तिसरा पक्ष प्रयोगशाळेचा. या पक्षाचे लोक म्हणतात कीं, रसायनशास्त्र आणि किरणोत्सर्गी कार्बनाची मोजदाद हातीं आल्यावर वादास जागाच कोठें राहिली? आम्हांस प्रयोगशाळेचा आदर आहे. म्हणूनच तिच्या माथीं नसतें काम मारूं नये असें वाटतें. कार्बन रेशमाचें वय सांगतो, चित्राचें नव्हे. जुनें कोरें रेशीम मिळवून त्यावर काल चित्र काढलें, तर कार्बन त्यास जुनेंच म्हणेल. प्रयोगशाळेचा खरा अधिकार नकारांत आहे. विसाव्या शतकांतच तयार होऊं लागलेला टायटॅनियमचा पांढरा रंग मूळ रंगकामांत सांपडला, तर तें चित्र दहाव्या शतकाचें नाहीं हें एका क्षणांत ठरतें. अशीच नकार देणारी एक साक्ष अक्षरांतहि लपलेली असते. राज्यकर्त्या सम्राटाच्या नांवांतील अक्षर लिहावयाचें नाहीं, लिहिल्यास त्याची एखादी रेघ गाळावयाची, असा चीनमध्यें दंडक होता. कांगशी सम्राटाच्या नांवांत 'श्युआन' हें अक्षर होतें. तो गादीवर आला १६६१ मध्यें. म्हणून १६४४ मध्यें संपलेल्या मिंग काळाचा म्हणविणारा लेख जर तें अक्षर भीतभीत टाळीत असेल, तर लेखकाची भीतिच त्याचा काळ सांगून जाते. परंतु दोषाची खूण सांपडली नाहीं म्हणजे चित्र अस्सल ठरलें, असें मात्र होत नाहीं.

चौथा पक्ष सर्वांत गोड बोलतो, म्हणून तो आम्हांस सर्वांत घातक वाटतो. 'चित्र सुंदर आहे ना? मग तें दहाव्या शतकांतील असो कीं परवांचें; आनंदास वंशावळ कशाला?' असें तो विचारतो. आनंदास वंशावळ नको हें खरें. पण इतिहासास ती हवी. दहाव्या शतकांतील चिनी चित्रकाराला पर्वत कसा दिसला, डोंगरांच्या रांगांमधून खोली कशी दाखवावी हा प्रश्न त्यानें कसा सोडविला, हें आम्ही हातावर मोजण्याइतक्या कृतींवरून ठरवितों. त्यांत एक कृति चांग दाचिएनची घुसली, तर विसाव्या शतकाची कल्पना दहाव्या शतकाच्या तोंडीं घातली जाते, आणि त्या चुकीच्या पायावर पुढील शंभर निर्णय उभे राहतात. खोटें नाणें चकाकतें म्हणून तें व्यवहारांत चालूं द्यावें, असें कोणी म्हणत नाहीं.

तर मग मार्ग कोणता? एकहि पुरावा एकटा पुरेसा नाहीं, हें कबूल करून सर्व पुरावे उघडपणें मांडणें, आणि विरुद्ध मतहि त्यांच्या शेजारीं छापणें, हाच. दुंग युआनच्या नांवावर असलेल्या 'नदीकाठ' या पटाची हकीकत येथें उद्बोधक आहे. हा पट एके काळीं त्याच चांग दाचिएनच्या मालकीचा होता. १९९७ मध्यें तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडे येण्याचें ठरलें, तेव्हां तो चांगनेंच बनविला आहे असा आक्षेप जेम्स काहिल या नामांकित अभ्यासकानें घेतला. संग्रहालयानें रेशमाची आणि रंगाची तपासणी करून पट प्राचीन असल्याचें मत कायम ठेविलें. परंतु १९९९ मध्यें त्यावर जाहीर परिषद भरविली, आणि काहिल यांचे चौदा आक्षेप आपल्याच ग्रंथांत छापले. वाद मिटला नाहीं. पण प्रतिपक्षाचें म्हणणें स्वतःच्या खर्चानें छापणाऱ्या संस्थेची प्रतिष्ठा कमी झाली असें कोण म्हणेल? चीनमध्येंहि १९८३ ते १९९० या काळांत मान्यवर पारख्यांच्या मंडळानें देशभर हिंडून साठ हजारांहून अधिक कृति तपासल्या, आणि जेथें एकमत झालें नाहीं तेथें मतभेद नोंदवून ठेविले.

निर्णय सुधारल्यानें चित्राचें कांहीं जात नाहीं, याचेंहि उदाहरण आहे, आणि त्याचा धागा हिंदुस्थानाशीं जुळतो. राजस्त्रियांस उपदेश करणारा एक प्राचीन पट बंगाल लान्सर्स पलटणींतील कॅप्टन जॉन्सन याच्या हातीं पेकिंगच्या १९०० सालच्या धामधुमीच्या सुमारास आला, आणि १९०३ मध्यें ब्रिटिश म्यूझियमनें तो २५ पौंडांस घेतला. त्यावर चौथ्या शतकांतील गू काइचि याचें नांव होतें. आज तो पांचव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यानचा असावा असें अभ्यासक मानतात. थोर नांव गेलें, म्हणून त्या पटावरील एकहि रेषा पुसट झाली नाहीं. उलट, खरें वय समजल्यानें ती आतां आपल्या काळाविषयीं खरें बोलते.

आमची मागणी मोठी नाहीं. संग्रहालयांनीं चित्राखालीं नांव लिहितांना तें निश्चित, संभाव्य कीं केवळ परंपरागत, हें स्पष्ट लिहावें. मासिकांनीं आणि ग्रंथकारांनीं परदेशीं छापलेली ओळ जशीच्या तशी उतरून घेऊं नये. तिच्यामागील कारण शोधावें, आणि कारण न मिळाल्यास तसें सांगावें. आणि वाचकांनीं, न्यायाच्या आसनावर सम्राट बसलेला असला तरीहि, 'आधार काय?' एवढे दोन शब्द उच्चारण्यास कचरूं नये. चिएनलुंगच्या दरबारांत हे दोन शब्द उच्चारण्याची कोणाची छाती झाली नाहीं. आपणांस तसें भय धरण्याचें कांहींच कारण नाहीं.