बादलीतला बाथ बॉम्ब
दोन वाट्या खायचा सोडा, एक वाटी लिंबूसत्व, चमचाभर खोबरेल; आंघोळीच्या पाण्यात सोडायच्या फसफसत्या गोळ्याचा, म्हणजे बाथ बॉम्बचा, संसार एवढाच. पाण्यात फसफसणारी औषधी गोळी पाहून १९८९मध्ये इंग्लंडच्या मो कॉन्स्टंटाइन यांना तो सुचला. नवशिक्यांची फजिती होते ती पाण्यापायी. पाणी ओतायचं नाही. स्प्रेने जेमतेम शिंपडायचं नि लगेच हात फिरवायचा. मिश्रण मुठीत लाडवासारखं वळलं की साच्यात दाबून भरा. ओल जास्त झाली तर सोडा आणि आम्ल तिथेच एकमेकांना भिडतात, गोळा फुगतो, कार्बन डायऑक्साइड आधीच उडून जातो. म्हणून मुंबईत, कोकणात हा उद्योग जुलैत काढूच नये. आणि टब नसला तरी काय बिघडलं? बादलीत पाय सोडून बसा. उठताना मात्र जपून, खोबरेलाने फरशी निसरडी होते.