‘ल’ची कळ

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात माझ्या, त्यातल्या त्यात नव्या, लॅपटॉपची एक कळ अकस्मात निकामी झाली, आणि दैवदुर्विलास असा की ती नेमकी ‘ल’ची होती. इन्स्क्रिप्टच्या मांडणीत ‘ल’ आणि ‘ळ’ हे दोन्ही वर्ण एकाच कळीवर बिऱ्हाड करून असल्यामुळे तिच्यासरशी मराठीचा अवघा भूतकाळ माझ्या हातून गेला: आला, गेला, बसला, उठला यांपैकी काही म्हणून उमटेना, बरे, भविष्याचा आश्रय घ्यावा, तर ‘होईल’ आणि ‘येईल’ यांचीही वाट त्याच कळीवरून जाते. दोन दिवस मी निव्वळ वर्तमानकाळात पत्रव्यवहार केला. केवळ वर्तमानात जगावे असे साधुसंत सांगतात खरे. परंतु त्यांना संपादकांच्या पत्रांना उत्तरे द्यायची नसतात.

तिसऱ्या दिवशी ते यंत्र अधिकृत दुरुस्ती केंद्रात नेले. तेथील तरुणाने ते उलटसुलट करून पाहिले आणि अत्यंत अदबीने निवाडा ऐकवला, “सर, नुसता कीबोर्ड येत नाही. वरचं पूर्ण पॅनेल बदलावं लागेल. बॅटरी त्यालाच चिकटवलेली असते, म्हणजे तीही नवीच येईल.” अंदाजपत्रकातला आकडा यंत्राच्या मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या घरात होता. मी यंत्र काखोटीला मारून घरी परतलो आणि माळ्यावर चढलो.

घरात ज्याला ‘भंगार’ म्हणतात आणि मी ज्याला ‘संग्रह’ म्हणतो, अशी सहा जुन्या लॅपटॉपांची दौलत तेथे जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेली असते. तीतून २०११ सालचा थिंकपॅड एक्स-२२० खाली आला. त्याच्याही काही कळा झिजलेल्या होत्या. पण ते यंत्र पालथे घातले की तळाशी ज्या स्क्रूंपाशी कीबोर्डचे इवलेसे चित्र कोरलेले आहे तेवढेच काढायचे, यंत्र सुलटे करून कीबोर्ड पडद्याच्या दिशेने किंचित सरकवायचा आणि पुढची कड उचलायची, की तो पोळपाटावरची पोळी उचलावी तसा हातात येतो. कोणता स्क्रू कोठला आणि किती लांबीचा, हे सांगणारी दुरुस्तीची पुस्तिका कंपनीने स्वतःच सर्वांसाठी खुली ठेवलेली आहे. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला कीबोर्ड बसवायला मला दहा मिनिटे लागली, त्यांतली तीन चष्मा शोधण्यात गेली.

जुन्या लॅपटॉपांच्या या वेडाला लोक स्मरणरंजन म्हणतात, आणि माझा आक्षेप नेमका तेथेच आहे. जुन्या यंत्राकडे मनुष्य ओढला जातो तो आपल्या तरुणपणीच्या आठवणींमुळे, असे मानणे सोयीचे असले, तरी ज्या दिवसांत हे एक्स-२२० निघाले त्या दिवसांत माझे तारुण्य केव्हाच बरखास्त झाले होते. आकर्षण आहे ते मालकीचे. खरेदीची पावती आपल्या नावाची, पैसा आपला, कब्जा आपला. आणि तरीही जे उघडता येत नाही, ज्याचा एक भाग झिजला तर तेवढाच बदलता येत नाही, त्या वस्तूशी आपले नाते मालकाचे कसे म्हणावे? ते कुळाचे नाते झाले. कसायचे आपण, आणि बांधाला हात लावायचा तर खोताची परवानगी.

या थिंकपॅडच्या घराण्याचा इतिहास मोठा रोचक आहे. १९९२ साली आयबीएमने पहिला थिंकपॅड बाजारात आणला, तेव्हा त्याचे रूप ठरवणाऱ्या रिचर्ड सॅपर या जर्मन रचनाकाराच्या डोळ्यांपुढे जपानी भोजनाचा काळा डबा होता: बाहेरून निराभरण, आणि झाकण उघडताच आत नीट मांडलेला संसार. जी, एच आणि बी या कळांच्या मधोमध बसवलेल्या लाल बोंडीने हाताची बैठक न मोडता पडद्यावरचा बाण फिरवता येतो. २००५ साली हा सारा व्यवसाय लेनोव्होच्या ताब्यात गेला, तरी घराण्याची चाल पुढे काही वर्षे टिकली. एक्स-२२० ला पडद्याच्या वरच्या कडेत एक चिमुकला दिवा आहे. डाव्या हाताला खालच्या कोपऱ्यातली एक आणि उजवीकडे वरची एक, अशा दोन कळा दाबल्या की तो पेटतो, आणि टोकांच्या असल्यामुळे त्या काळोखातही चाचपडून सापडतात. कळांच्या सात ओळींचा तो कीबोर्ड २०१२ च्या पिढीत गेला. पुढे २०१७ साली घराण्याच्या पंचविशीनिमित्त काढलेल्या खास आवृत्तीत कंपनीने त्या सात ओळी पुन्हा आणल्या, हा मी एक प्रकारचा कबुलीजबाबच समजतो.

मात्र जुने ते सर्व सोने, असा माझा दावा नाही. याच यंत्रात कंपनीच्या यादीबाहेरचे वायफाय कार्ड बसवले तर ते सुरू होण्यासच साफ नकार देते. म्हणजे खोती तेव्हाही होती. पडदा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा, आणि साध्या जातीचा असेल तर मान जरा तिरकी केली की चित्राचा रंग उडतो. नक्कल बॅटऱ्यांचा बाजार तर सर्वस्वी बेभरवशाचा, आणि फुगलेली बॅटरी घरात ठेवणे हा शुद्ध अविचार. याउलट, कागदोपत्री ८ जीबी स्मृतीची मर्यादा घातलेली असताना हे यंत्र १६ जीबी निमूटपणे पचवते, आणि फिरती डिस्क काढून तेथे एसएसडी बसवली की त्याची चाल अशी पालटते की विकणाऱ्याला आपण ते फार स्वस्तात दिले असे वाटावे.

लॅमिंग्टन रोड, ज्याला महानगरपालिकेच्या दप्तरी डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात आणि व्यवहारात कोणीही म्हणत नाही, तेथे असा माल लॉटने येतो. मोठ्या कंपन्या तीनचार वर्षांच्या भाडेकराराने लॅपटॉप घेतात आणि मुदत सरली की चालत्या अवस्थेत परत करतात. दुकानदार झाकण उघडून बिजागरी दोनदा हलवून दाखवतो, “बॉडी क्लीन आहे साहेब, बॅकअप दीड तास धरा,” म्हणतो, आणि अनुभवी गिऱ्हाईक तो दीड तास मनातल्या मनात पाऊण करून सौदा पटवते. घरी आणल्यावर पहिले काम पंखा साफ करण्याचे. प्रोसेसरवरचा लेप वाळून चुन्याच्या पापुद्र्यासारखा झालेला असतो, तो खरवडून नवा लावला की इतका वेळ घुरघुरणारे यंत्र शांत होते. या शांततेचे सुख ज्याने अनुभवले नाही त्याला ते समजावून सांगणे कठीण आहे.

अशी यंत्रे मरत नाहीत, त्यांना मृत जाहीर केले जाते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर हवा. माझे यंत्र दुसऱ्या पिढीचे. फर्मान निघाले, म्हणून कोट्यवधी धडधाकट यंत्रांनी निवृत्त व्हावे अशी अपेक्षा. माझ्या एक्स-२२० वर लिनक्स आहे, आणि हा लेख त्यावरच लिहिला आहे.

कधीकधी तर जुन्या यंत्रावाचून गत्यंतरच नसते. पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ माझ्या ओळखीचे एक वयस्क अक्षरजुळणीकार आहेत. युनिकोडपूर्व काळातल्या टंकांत जुळवलेली शेकडो पुस्तके त्यांच्यापाशी आहेत. ती ज्या प्रणालीत उघडतात तिचे कुलूप प्रिंटरच्या जुन्या, रुंद पॅरलल पोर्टात खोचावे लागते, आणि तसे पोर्ट नव्या लॅपटॉपला नसते. म्हणून विंडोज एक्सपी चालवणारा २००४ सालचा एक लॅपटॉप त्यांनी इंटरनेटपासून सोवळ्यात ठेवावा तसा ठेवला आहे. एखाद्या लेखकाची दुसरी आवृत्ती निघायची झाली की त्यावरचे फडके दूर होते. मागच्या भेटीत त्यांनी विचारले, “तुमच्या माळ्यावर याच्या जोडीचा एखादा असेल तर बघा ना. याची बिजागरी आता माझ्याहून जास्त कुरकुरते.” मी दुसऱ्याच दिवशी एक नेऊन दिला. संग्रहातला एक नग कमी झाल्याचे घरात कोणालाही दुःख झाले नाही.

आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम अमलात आले. त्यांत जुनी यंत्रे दुरुस्त करून विकणाऱ्यांच्या नोंदणीची तरतूद आहे, परंतु सारा भर यंत्र टाकून दिल्यानंतर त्याचे काय करायचे यावर. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपच्या विक्रीबरोबर तो कितपत दुरुस्त होण्याजोगा आहे याचे गुणांकन छापावे लागते. युरोपीय संघाच्या कायद्याप्रमाणे १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी, काही अपवाद वगळता, ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. आपल्याला तर नव्या कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. सरकारी कचेऱ्या, विद्यापीठे आणि शाळा यांच्यासाठी लॅपटॉपांच्या निविदा निघतच असतात. त्यांत एवढे एकच कलम घालावे की बॅटरी, स्मृती, डिस्क आणि कीबोर्ड साध्या पेचकसाने स्वतंत्रपणे बदलता आले पाहिजेत आणि दुरुस्तीची पुस्तिका मालाबरोबर मिळाली पाहिजे. एवढे मोठे गिऱ्हाईक हातचे घालवण्याची कोणत्या कंपनीची छाती होईल?

माझा तो नवा लॅपटॉप अजून घरात आहे. त्याला मी साडेतीनशे रुपयांचा एक कीबोर्ड बाहेरून जोडला आहे. एवढ्या झुळझुळीत यंत्रापुढे हे लोढणे कशासाठी, असे येणारेजाणारे विचारतात. ‘ल’साठी, असे मी सांगतो.