टाकीवरचा पोचा

कोणी जुनी बाईक रिस्टोअर केली म्हटलं की आपण आधी फोटो मागतो. फोटोत असतं काय? आरशासारखा रंग, चकाचक क्रोम, टाकीवर सोनेरी पट्टे. मंडळी, स्पष्टच सांगतो, मला ते बघून जरा वाईटच वाटतं. चाळीस वर्षांची गाडी आणि अंगावर एक ओरखडा नाही? मग ती चाळीस वर्षं गेली कुठे?

सध्या शनिवार-रविवार आमच्या घरामागच्या पत्र्याच्या गॅरेजमध्ये बाबांची 1986 ची येझदी रोडकिंग उघडून बसलोय. म्हैसूरच्या आयडियल जावाची, 250 सीसी, टू-स्ट्रोक, दोन सायलेन्सर. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होते. (हे नव्या पोरांना दाखवलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.) कंपनी 1996 मध्ये बंद पडली. 2022 मध्ये येझदी नाव परत आलं, पण त्या गाड्या फोर-स्ट्रोक, त्यांचे पार्ट आपल्या काय कामाचे? त्यामुळे जुना बाजार आणि ओळखीपाळखी.

तर मुद्दा असा, की खरं काम दिसतच नाही. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये येते आणि तिथून सिलिंडरमध्ये जाते. गाडी वर्षानुवर्षं पडून राहिली की क्रँकच्या दोन्ही बाजूंचे रबरी सील कडक होतात आणि तिथून फुकटची हवा आत शिरते. मिश्रण लीन होतं, इंजिन तापतं, आणि एक दिवस भर हायवेवर पिस्टन जाम! सील किरकोळ किमतीचे, पण त्यासाठी अख्खं इंजिन उघडावं लागतं. मग टाकीतला गंज, कार्ब्युरेटरचे जेट, पॉइंट्स. शिवाय आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून पेट्रोलचा पाइपही नवा. यातल्या कशाचाही फोटो कोणी टाकत नाही. इंजिनला हात न लावता रंग मारणं म्हणजे आमच्या भाषेत बॅकएंड तसाच ठेवून नुसता यूआय बदलणं. डेमोपुरतं ठीक.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. त्यातही गाडी मूळ रूपात हवी अशी अट आहे. पण तशी नोंदणी केली की ती रोज रस्त्यावर काढता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच. मला ते नकोय. मला कात्रजचा घाट चढायचाय. म्हणून दर पाच वर्षांनी आरसी रिन्यू करायची, बस्स.

गंमत म्हणजे बाबा माझ्या बाजूने नाहीत! टाकीच्या डाव्या बाजूला 1991 चा एक पोचा आहे. मी म्हटलं, हा ठेवायचा, हाच तर गाडीचा इतिहास. बाबा म्हणाले, "इतिहास कसला रे? तेव्हा डेंटिंगला पैसे नव्हते म्हणून राहिला तो. हौस म्हणून नाही ठेवला."

यावर काय बोलणार? जुनेपणाचं कौतुक मला परवडतं, हे खरंच आहे. तरीही माझं मत तेच आहे. तो पोचा काढला तर पैसे नसतानाही ही गाडी रोज ऑफिसला जात होती, हे सांगणारं तिच्यावर काहीच उरणार नाही. पण गाडी त्यांची, आरसीवर नाव त्यांचं.

आधी इंजिन, रंगाचं नंतर बघू, एवढ्यावर सध्या तह झालाय. सील आलेत. येत्या शनिवारी क्रँक बसवतोय.