मासे सोडून नदी भरत नाही

मध्य प्रदेश सरकारने 2011 साली महाशीर राज्यमासा म्हणून जाहीर केला. नर्मदाकाठी त्याला बाडस म्हणतात. साठच्या दशकात होशंगाबाद भागातल्या मासेमारीत सुमारे पाव हिस्सा या एकट्या माशाचा असे. आज तो जाळ्यात आला तर त्याची बातमी होते. तो घटतो आहे, याबद्दल कुणाचं दुमत नाही. वाद आहे तो कशामुळे आणि काय करायचं याचा.

इंदुरात हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एवढ्या मोठ्या शहराला प्यायला पाणी हवं, तिथे माशाचं काय घेऊन बसलात? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. यशवंतसागर आणि बिलावली तलावांच्या भरवशावर उन्हाळे काढलेल्या घरांना विचारा. 1978 मध्ये नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर अंतर आणि विंध्याचा चढ पार करून नर्मदा नळाला आली, तेव्हा या शहराचा जीव भांड्यात पडला. पण त्यावरून ‘शहर की मासा’ असा सामना लावणं चूक आहे. बाडस अडला तो आपल्या नळामुळे नव्हे, तर बर्गी, इंदिरासागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर यांनी वाहत्या नदीचे जलाशय केले म्हणून. हा मासा पावसाळ्यात धारेविरुद्ध वर चढतो, उपनद्यांच्या उथळ पाण्यात शिरतो आणि गोट्यांच्या तळावर अंडी टाकतो. अंडी गोट्यांच्या फटीत बसतात. त्या फटींतून सतत ताजं पाणी खेळलं तर पिल्लू जगतं. साचल्या पाण्यात गाळ बसतो आणि फटी बुजतात. उरलेल्या ठिकाणी रेतीवाल्यांचे पोकलेन गोट्यांसकट तळच उचलून नेतात. शहराला जे पाणी हवं आहे तेच माशालाही हवं आहे: वाहतं आणि निर्मळ.

दुसरं मत सरकारी आहे: नदीत पिल्लं सोडा. त्याला फोटो चांगले येतात. मांडव घालायचा, पाहुण्यांना हार घालायचे, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतली बोटुकली पाण्यात सोडायची आणि टाळ्या वाजवायच्या. बडवाह वनविभागाने महाशीरचं कृत्रिम प्रजनन साधलं, ते कौतुकाचं काम आहे. ते कमी लेखायचं कारण नाही. पण बोटुकली सोडायची कुठे? जिथे मोठा मासा टिकला नाही तिथे बोटभर पिल्लू कशाच्या बळावर टिकेल?

याची दुसरी बाजू त्याहून गंभीर आहे. लोणावळ्याच्या वळवण तलावाजवळ टाटांच्या केंद्राने 1970 च्या दशकापासून निळ्या परांच्या महाशीरची पैदास केली. काम मनापासून केलेलं होतं, हेतूही चांगला. तिथलं बीज कावेरीत सोडलं गेलं. पाहुणा फोफावला आणि कावेरीचा स्वतःचा कुबड्या महाशीर, जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक, मागे पडत गेला. 2018 मध्ये त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली, तोवर तो नामशेष होण्याच्या काठावर पोचला होता. महाशीर तेवढा सारखा, ही समजूत कावेरीला महागात पडली.

तिसरं मत सगळ्यांत सोपं, कारण त्यात बोलणाऱ्याचं काही जात नाही: केवट-कहार मच्छीमारांनीच मासा संपवला, त्यांच्यावर बंदी घाला. सुरुंग लावून, विष कालवून, बारीक आसाची जाळी टाकून मासे मारणारे आहेत. त्यांची बाजू मी घेणार नाही. पण काठावर राहणाऱ्याचा हक्कच काढून घेतला तर चोराला हटकणार कोण? तवा धरणाच्या विस्थापित आदिवासींना 1996 मध्ये जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मिळाला. तवा मत्स्य संघाने बीज सोडलं, बंदीचा काळ पाळला, चोरटी मासेमारी अडवली. सातपुड्याच्या वाघांसाठी राखलेल्या क्षेत्राचा नियम पुढे करून 2006 मध्ये तो हक्क संपवण्यात आला.

अमेरिकेत सॅमनच्या बाबतीत उलटं घडलं. 1974 साली न्यायमूर्ती बोल्ट यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या मूळ रहिवासी जमातींना पकडण्याजोग्या सॅमनचा निम्मा वाटा दिला. त्यातून या जमाती मासेमारीच्या कारभारातही भागीदार झाल्या. क्लामथ नदीवरची चार धरणं पाडावीत म्हणून तिथल्या जमाती वर्षानुवर्षं लढल्या. 2024 मध्ये शेवटचं धरण निघालं आणि त्याच शरदात सॅमन जुन्या जागी वर चढले. आपल्याकडे इंदिरासागर पाडा असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही. मुद्दा इतकाच की मासा राखायला पोट त्याच्यावर असलेला माणूस लागतो. महाडजवळच्या वाळणकोंडीतले महाशीर तरी कुणी जपले? वरदायिनी देवीच्या धाकाने गावानेच.

मग करायचं काय? माझ्या मते सुरुवात चोरलपासून करावी. ती इंदूरच्या अंगणातली नदी. जानापावच्या डोंगररांगांकडून उतरते, बडवाहजवळ नर्मदेला मिळते. श्रावणातल्या रविवारी अर्धं इंदूर चोरल धरणावर भुट्टे खात असतं, पण धरणाखाली ती नदी कशी आहे हे बघायला कुणी जात नाही. (शहरातल्या कान्ह नदीचं आपण काय केलं ते सांगायला नको, स्वच्छतेच्या पहिल्या क्रमांकाच्या फलकांमागून ती वाहते.) चोरलच्या संगमाकडच्या पट्ट्यात रेती आणि गोट्यांचा उपसा पूर्ण थांबावा. पावसाळा सरतानाही धरणातून थोडं पाणी सुटत राहावं. बीज सोडायचंच तर याच खोऱ्यातल्या बाडसाचं सोडावं. मासेमारीचा हक्क आणि राखणदारी दोन्ही काठावरच्या केवटांच्या सहकारी संस्थेकडे द्यावी, ठेकेदाराकडे नव्हे.

पैसा कुठून येणार, असं विचारलं जाईल. नर्मदा वर चढवायला इंदूर दर महिन्याला कोट्यवधी रुपयांची वीज जाळतं, त्यातला एखादा कण नदीकडे परत गेला तर पालिका बुडणार नाही. राज्यात मासेमारीची बंदी 16 जून ते 15 ऑगस्ट असते. बाडस मात्र अंडी एका दमात टाकत नाही, टप्प्याटप्प्याने टाकतो, आणि 16 ऑगस्टला जाळी पुन्हा पाण्यात पडतात. चोरलपुरती ती बंदी सप्टेंबरअखेरपर्यंत न्यावी आणि त्या दीड महिन्याचा केवटांचा बुडालेला रोज इंदूरच्या पाणीपट्टीतून द्यावा.